कन्फ्यूजनची फाईल

मी अर्जनवीस होतो. हा धंदा आता फारसा दिसत नाही, म्हणून दोन ओळींत सांगतो. तहसील कचेरीच्या आवारात कडुलिंबाखाली एक टेबल, एक खुर्ची, आणि समोर गिऱ्हाइकांसाठी एक बाकडं. सरकारला काही सांगायचं असलेला माणूस बाकड्यावर बसून बोलायचा आणि मी लिहायचो. त्याच्या शिव्या, रडणं आणि सोयऱ्याधायऱ्यांच्या हकिगती यांतून सरकारला पचेल एवढाच भाग काढायचा. वर 'मेहेरबान साहेबांचे सेवेशी' घालायचं, खाली अर्जदाराचा अंगठा घ्यायचा आणि त्याच्याही खाली, डाव्या कोपऱ्यात, बारीक अक्षरांत 'अर्ज लिहिणार' म्हणून आपलं नाव घालून सही करायची. कागदात काही वावगं निघालं तर लिहिणारा सापडावा म्हणून हा नियम होता. मी हजारो कागदांवर तशी सही केली. मला शोधत कुणी आलं नाही. एक बाई सोडून.

गावाचं नाव लिहीत नाही. लातूर जिल्ह्यातलं तालुक्याचं ठिकाण, एवढं पुरे. त्या वेळचे काही साहेब अजून हयात आहेत, आणि उरलेल्यांची मुलं साहेब झाली आहेत.

धंदा मला करीमचाचांनी शिकवला. ते निजामाच्या काळापासून त्याच कडुलिंबाखाली उर्दूत दरख्वास्ती लिहीत आलेले. राज्य बदललं, भाषा बदलली, तसे चाचा साठीच्या घरात उर्दू बाजूला ठेवून बालबोध मराठी शिकले. झाड मात्र बदललं नाही. त्यांची एकच शिकवण होती. "मियाँ, अर्जी में साहब को भागने का दरवाजा रखना. बंद कमरे में बिल्ली भी पंजा मारती. दरवाजा दिखा, तो साहब खुश. खुश हुआ, तो काम करता."

म्हणजे असं, की तलाठ्यानं मुद्दाम नोंद केली नाही, हे सगळ्या गावाला माहीत असलं तरी अर्जात लिहायचं, 'कामाच्या व्यापात नोंद राहून गेली असावी.' साहेब त्या 'असावी'मधून बाहेर पडायचा, आणि बाहेर पडता पडता नोंद करून जायचा. दहातल्या सात वेळा हे चाले. चाचा गेल्यावर दार ठेवण्यात माझा हात धरणारा चार तालुक्यांत कुणी नव्हता. हे मी त्या वेळी अभिमानानं सांगत असे.

दारांना शब्द लागतात. चाचांच्या काळी 'गफलत' चालायची. पण गफलत कुणीतरी केलेली असते, तिला बाप असतो. पुढे मराठी राज्यात 'नजरचूक' आली. तिच्यात निदान कुणाची तरी नजर अडकलेली असे. मग लातूर वेगळा जिल्हा झाला, लांबलांबून नवे साहेब आले, आणि त्यांच्या सामानाबरोबर 'कन्फ्यूजन' आलं.

माझ्याकडे एक इंग्रजी-मराठी शब्दकोश होता, पुठ्ठा गेलेला. त्यात या शब्दापुढे गोंधळ, घोटाळा, संभ्रम, गडबड असे चार अर्थ दिले होते. कोशकार बिचारा कधी कचेरीत गेला नसावा. कचेरीत त्याचा अर्थ इतकाच, की जे झालं ते आपोआप झालं. गारा पडतात तसं. गारांबद्दल कुणाचा खुलासा मागत नाहीत.

नव्या जिल्ह्याची पहिली दोन वर्षं या शब्दाला सुगीची गेली. पाऊस नव्हता, तरी. कचेरीवर पाटी आधी लागली आणि खुर्च्या नंतर आल्या. खुर्च्या आल्या तेव्हा त्यांच्यावर बसायचे कारकून दुसरीकडे गेलेले होते. विचारलं तर उत्तर ठरलेलं, "थोडं कन्फ्यूजन आहे." हे सांगताना साहेब लोकांच्या तोंडावर एक समाधान असे. आजार सापडला, आता औषध कशाला, असं.

एक गुरुजी माझ्याकडे आले. त्यांना बदलीचे दोन हुकूम मिळाले होते, दोन टोकांच्या दोन शाळांचे, एकाच तारखेचे. मी म्हटलं, "अर्ज लिहू, कुठं हजर व्हायचं ते कळवा म्हणून."

गुरुजी घाबरले. "तसं लिहू नका. नुसतं लिहा, की कन्फ्यूजन आहे आणि मी सरकारच्या खुलाशाची वाट बघून राहिलो."

"किती दिवस बघणार?"

"घाई न्हाई. घराचं बांधकाम काढलंय."

खुलासा यायला चार महिने लागले. तोवर घराला छपरासकट गिलावा झाला होता.

दुसरे मन्मथप्पा. हे वाणी, गळ्यात लिंग, उदगीरच्या बाजूला जमीन, आणि देवणी बैलांचा नाद. जनावरांच्या एका प्रदर्शनात पहिल्या नंबरचा पट्टा त्यांच्या बैलाऐवजी शेजारच्या दावणीच्या बैलाच्या गळ्यात पडला. शेजारचा बैल एका पुढाऱ्याचा होता. मन्मथप्पांनी तिथल्या तिथं विचारलं, तेव्हा व्यासपीठावरून जाहीर झालं, की नंबरांचं थोडं कन्फ्यूजन झालं असून दोन्ही बैल उत्तमच आहेत.

मन्मथप्पा बाकड्यावर बसले आणि म्हणाले, "मुनशीजी, अर्ज बैलाच्या नावानं लिवा."

"बैलाचा अंगठा कसा घ्यायचा, अप्पा?"

"खूर उमटवतो. त्याला कायबी कन्फुजन न्हाई. तो कोण हाय, त्याला ठावं हाय. पट्टा घातलेल्यालाबी ठावं हाय, मान खाली घालून हुबा होता. माणसांचंच काय ते चालू हाय."

मी अर्ज मन्मथप्पांच्याच नावानं लिहिला. 'नंबरांबाबत कन्फ्यूजन झाले असल्याने फेरविचार व्हावा.' फेरविचार झाला आणि दोन्ही बैल पुन्हा उत्तम ठरले.

या गोष्टी मी कचेरीच्या हॉटेलात रंगवून सांगत असे. लोक हसत. शब्दाची टिंगल करता करता मीही तो अर्जाअर्जांत घालायला लागलो होतो, आणि तो चालत होता. गिऱ्हाईक स्वतः मागायचं, "मुनशीजी, त्यो इंग्रजी शब्द टाका जरा, सायेब बसायला खुर्ची देत्यात."

त्या दिवसांत महानंदाबाई आल्या.

हद्दीवर एक वाडी आहे. तिच्या शेवटच्या बांधावर उभं राहिलं की पलीकडे नांदेड जिल्हा. जिल्हा नवा झाला तशी तालुक्यांची फिरवाफिरव झाली आणि ही वाडी एका तालुक्यातून उचलून आमच्या तालुक्यात टाकली गेली. कागदावर. वाडी होती तिथंच होती. जुन्या तालुक्यानं तिला टंचाईच्या यादीतून काढलं, कारण ती गेली. आमच्या तालुक्यानं यादीत घेतलं नाही, कारण तिचं दप्तर आलं नव्हतं. टँकर जायचा तो यादीप्रमाणे. त्यामुळे आजूबाजूच्या सगळ्या गावांना टँकर, आणि या वाडीच्या वेशीवरून तो धूळ उडवत पुढं.

वाडीचे सरपंच इस्त्रीची टोपी घालून दोनदा आले, साहेबांकडे चहा पिऊन गेले, आणि गावात सांगितलं, "होतंय." तेव्हा बायकांनी महानंदाबाईंना पाठवलं. वय पन्नाशीच्या पुढं, अंगानं काटक, कपाळावर आडवी विभूती. एसटीनं आल्या आणि बाकड्यावर न बसता उभ्यानंच बोलल्या.

"लिवा, की तुमी आमाला इसरले. हिर आटून दोन महिने झाले. नदीच्या पात्रात झरा खोरतो, तिथं माणसाचं भागतंय. जनावराचं न्हाई. माझी गाय हाय, चंद्री. देवणी. गाभण हाय. येक टँकर आला तर ती ऱ्हाईल, न्हाईतर बाजार दावावा लागल. तेवढं लिवा."

मी म्हटलं, "मावशी, असं लिहीत नसतात. साहेबाला विसरला म्हणलं की तो फिरतो."

"इसरलाच की."

"विसरला. पण लिहायचं नसतं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि बाकड्यावर टेकल्या. "बरं. तुमाला म्हाईत. पर चंद्रीचं लिवा."

मी एक सुंदर अर्ज लिहिला. अजून मला तो पाठ आहे. 'नूतन जिल्हानिर्मितीच्या ऐतिहासिक प्रसंगी उभय तालुक्यांच्या प्रशासकीय सीमांबाबत काहीसे कन्फ्यूजन निर्माण झाल्यामुळे आमची वाडी टंचाई उपाययोजनेच्या लाभापासून अनवधानाने दूर राहिली असावी, तरी...' गाईचं लिहिलं नाही. एवढ्या भारदस्त वाक्यात गाय बसेना. बाईंनी विश्वासानं अंगठा उमटवला. मी खाली सही केली आणि कार्बनची प्रत माझ्या पेटीत ठेवली.

उत्तर आठ दिवसांत आलं. माझ्या सबंध धंद्यात इतक्या लवकर आलेलं उत्तर हेच. अव्वल कारकून गुंडेराव स्वतः झाडाखाली कागद घेऊन आले. गुंडेराव माणूस वाईट नव्हता. त्याला फक्त स्वच्छ फाईल आवडायची.

"काय शब्द टाकलाय, मुनशी! साहेबांनी तीनदा वाचला. म्हणाले, वाडीच्या लोकांना परिस्थितीची जाण आहे."

मी कागद वाचला. विषय लिहिला होता, 'कन्फ्यूजनबाबत.' मजकूर असा, की अर्जात नमूद केलेल्या कन्फ्यूजनबाबत दोन्ही कार्यालयांकडून खुलासे मागवण्यात आले असून ते प्राप्त होताच पुढील उचित कार्यवाही करण्यात येईल.

"आणि पाण्याचं?" मी विचारलं.

"पाण्याची फाईल वेगळी असते. ही कन्फ्यूजनची."

"मग पाण्याची कुठं आहे?"

"तसा अर्जच नाही ना आला," गुंडेराव म्हणाले. "तुमच्या अर्जात पाणी हा शब्द कुठं आहे, दाखवा."

मी पेटीतून प्रत काढली. 'टंचाई उपाययोजनेच्या लाभापासून' असं होतं. पाणी नव्हतं. गुंडेरावांनी माझ्या खांद्यावर थोपटलं आणि ते आत गेले. ते चिडवत नव्हते, हेच जास्त लागलं.

मी काय करायला हवं होतं ते उघड आहे. त्याच दिवशी नवा अर्ज लिहून वाडीला निरोप धाडायला हवा होता. मी केलं नाही. मनात आलं, खुलासे येतीलच, इतक्या लवकर उत्तर आलंय म्हणजे गाडी हलली आहे. माझ्या वाक्याचं कौतुक झालं होतं, आणि ते वाक्य चुकीचं होतं असं मानायला मन तयार होईना.

मधे तीन आठवडे गेले. मग आमच्या कचेरीच्या नव्या इमारतीच्या भूमिपूजनाचा दिवस आला. पाहुणे मोठे होते. मंडप घातला. नव्या जिल्ह्याच्या नकाशाची रांगोळी काढली, तिच्यात नद्या निळ्या भुकटीनं भरल्या. त्या वर्षी तालुक्यात निळी नदी तेवढीच. एसटी स्टँडापासून मंडपापर्यंतच्या रस्त्यावर धूळ फार, पाहुण्यांचे कपडे पांढरे, म्हणून सकाळपासून टँकर रस्त्यावर पाणी मारत होता. एकदा मारलेलं उन्हानं वाळलं, तेव्हा पुन्हा मारलं.

दहाच्या एसटीनं महानंदाबाई उतरल्या. त्या रस्त्यावरूनच चालत आल्या. माझ्या टेबलापाशी आल्या तेव्हा त्यांच्या चपलांना चिखल लागलेला होता. त्या वर्षी वैशाखात चिखल.

त्या बाकड्यावर बसल्या आणि पायांकडे बघत म्हणाल्या, "मुनशीजी, हे पानी कोंच्या तालुक्याचं हाय?"

मी टेबलावरचे कागद नीट करू लागलो.

"चंद्री गेली. मुखेडच्या बाजारात. घेणारा तिकडलाच हाय, नांदेडकडला. म्या त्याला आधी इचारलं, तुमच्याकडं पानी हाय का? म्हणला, हिरीला हाय. तवा दावं हातात दिलं." मग म्हणाल्या, "तुमी काय लिवलं हुतं कागदात? वाचून दावा."

मी प्रत काढली आणि वाचली. 'ऐतिहासिक प्रसंगी'पासून 'असावी'पर्यंत. माझ्याच तोंडून मला ते वाक्य फार लांब वाटलं.

"ह्यात आमी कुठं हाव?"

"आमची वाडी, असं आहे बघा."

"आन चंद्री?"

"नाही."

"कन्फुजन म्हंजे काय?"

"गोंधळ."

"गोंधळ आमच्या घरात झाला का त्यांच्या?"

"त्यांच्या."

"मंग त्यांचं नाव कामून न्हाई?"

मी त्यांना करीमचाचांचं दार समजावून सांगू लागलो. साहेबाला वाट ठेवावी लागते, वाट दिसली की तो काम करतो, वगैरे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"त्यो गेला की मंग त्या वाटंनं," त्या म्हणाल्या. "आमालाच बाहीर कोंडून."

मंडपात सनई सुरू झाली होती. मी नवा कागद घेतला. बाई बोलत गेल्या, मी लिहीत गेलो. चार ओळी झाल्या. आमच्या वाडीची विहीर आटली आहे. आम्हाला पिण्याला व जनावरांना पाणी नाही. जुन्या कचेरीनं आमचं नाव काढलं आणि तुम्ही घेतलं नाही. आज तुम्ही रस्त्यावर मारलेलं पाणी आम्हाला पाठवा. मी त्यांना वाचून दाखवलं. "हां," त्या म्हणाल्या, आणि अंगठा उमटवला. सही करण्याआधी मी कागद पुन्हा एकदा वाचला, हे कबूल करतो. या कागदात एकही दार नव्हतं, आणि त्याच कचेरीच्या आवारात मला रोज बसायचं होतं.

बाई तो कागद घेऊन मंडपाच्या तोंडाशी गेल्या. साहेब तिथं हार घेऊन पाहुण्यांची वाट बघत होते. हातात हार असल्यामुळे त्यांना कागद घेता येईना आणि टाळताही येईना. बाईंनी तो उलगडून त्यांच्या तोंडासमोर धरला. साहेबांनी वाचला. मी लांबून बघत होतो. ते शेवटच्या ओळीपर्यंत गेले, पुन्हा वर आले, पुन्हा खाली गेले. बाहेर पडायची जागा शोधत होते, हे माझ्यासारख्या जाणकाराला लगेच कळलं. मग त्यांनी समोरच्या ओल्या रस्त्याकडे पाहिलं. तेवढ्यात पाहुण्यांची गाडी आली. महानंदाबाई तिथून हलल्या नाहीत, कागदही खाली केला नाही. साहेब गुंडेरावांना घाईघाईनं म्हणाले, "लिहून घ्या, वाडी लिहून घ्या."

तिसऱ्या दिवशी वाडीला टँकर गेला. दप्तर यायला पुढे दीड वर्ष लागलं. म्हणजे दप्तरावाचून टँकर जाऊ शकत होता. पहिल्या दिवशीही.

आठवड्याभरात कचेरीतून मला सांगण्यात आलं, की झाडाखालची जागा सायकल स्टँडसाठी राखीव झाली आहे. मी कंपाउंडच्या बाहेर, उन्हात बसायला लागलो. गुंडेरावांना विचारलं तर ते खरंच अवघडले. म्हणाले, "जागेचं थोडं कन्फ्यूजन आहे. होईल मोकळी." झाडाखाली त्या सबंध उन्हाळ्यात दोन सायकली होत्या, त्यांतली एक पंक्चर. ही शिक्षा मला जास्त वाटली नाही. महानंदाबाई आणि त्यांच्या गावाला जी झाली तिच्यापुढे ती काहीच नव्हती.

पावसाळ्यात पाऊस बरा झाला. श्रावणात एका सोमवारी महानंदाबाई पुन्हा आल्या. मला आधी झाडाखाली पाहिलं आणि शेवटी उन्हात शोधून काढलं. मी घाईनं खुर्ची दिली. त्या खुर्चीवर बसल्या नाहीत, माझ्या छत्रीच्या सावलीत उभ्या राहिल्या.

"पत्र लिवायचंय. चंद्री घेतली त्या माणसाला. ती येली असंल आता. कालवड झाली असंल तर दुसऱ्याला दिऊ नको म्हणावं, आमाला दे. हिर भरलीया. गाय मागत न्हाई, ती त्याची हाय. तिचं पोर दे म्हणावं."

मी लिहीत गेलो. नमस्कार, पाऊसपाणी, विहीर. मग विचारलं, "गाय का विकावी लागली, ते लिहू का? म्हणजे त्याला दया येईल. दुष्काळामुळं, असं लिहितो."

"दुष्काळ त्याच्याकडंबी हुता," त्या म्हणाल्या. "खरं ते लिवा. लिवा, की टँकरचा अर्ज लिवनाऱ्यानं पानी मागितलंच न्हाई, म्हून गाय विकावी लागली."

मी वर पाहिलं. त्यांच्या तोंडावर राग नव्हता. भाजीचा भाव सांगावा तसं त्यांनी सांगितलं होतं, आणि आता मी लिहायची वाट बघत होत्या.

मी लिहिलं. शब्द न बदलता. 'असावे' घातलं नाही. मग त्यांना पत्र पहिल्यापासून वाचून दाखवलं, त्या ओळीसकट. त्यांनी मान हलवली आणि अंगठा उमटवला.

साध्या पत्रावर लिहिणाऱ्याची सही लागत नाही. तो नियम फक्त अर्जांना होता. पण त्या ओळीत म्हटलेला माणूस कोण, हे त्या मुखेडकडच्या शेतकऱ्याला कळायला हवं असं मला वाटलं. मी डाव्या कोपऱ्यात 'लिहिणार' असं लिहून पूर्ण नाव घातलं, गावासकट, आणि सही केली.

कालवड दिवाळीच्या आधी वाडीत आली. तोंडाच्या दोन्ही बाजूंनी काळी, बाकी पांढरी, आईसारखी. हे मला महानंदाबाईंनी सांगितलं नाही. एसटीच्या कंडक्टरकडून कळलं.